हेच माझं काय की

७ जुलै १९७४, रविवार

प्रारंभीच क्षमा मागते. दैनंदिनी लिहावी ती ज्यांच्या आयुष्यात काही घडते त्यांनी. माझ्या आयुष्यातील सर्वांत ठळक घटना म्हणजे शालान्त परीक्षेत केंद्रात पहिली येणे, आणि तीही खाली मान घालून वाचत असतानाच घडून गेली. तेव्हा ही वही चुकून कोणी उघडलीच, तर माझ्या या धाडसाला त्याने उद्धटपणा समजू नये. आमच्या मराठीच्या सरांचा हा आदेश आहे. ते म्हणाले, "विजयमाला, तुझे लेखन शुद्ध आहे, पण त्यात माणसे नाहीत. रोज दहा ओळी लिही. जे दिसले तेच."

निमित्त असे की, पुण्याच्या एका न्यासाने पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांसाठी निबंधस्पर्धा जाहीर केली आहे. विषय 'दैनंदिन जीवनातील अध्यात्म'. पहिल्या क्रमांकास पुण्यात एम. ए.च्या दोन वर्षांचा शिक्षणाचा आणि वसतिगृहाचा खर्च. नातेपुत्यात वडिलांचे कापडाचे दुकान आहे. बी. ए. झाले की घरी परतायचे, हे त्यांनी केव्हाच ठरवून टाकले आहे. आईने फार विनवले तेव्हा एवढेच म्हणाले, "तिनं सोताच्या जोरावर मिळवलं तर मी आडवा येनार न्हाय." म्हणजे माझे सारे भवितव्य आता अध्यात्मावर अवलंबून आहे, आणि त्याविषयी मला जे ठाऊक आहे ते केवळ छापील आहे.

११ जुलै, गुरुवार

सरांच्या आज्ञेप्रमाणे, जे दिसते ते.

गेली दोन वर्षे मी सोलापुरात मल्लव्वा मावशींच्या घरातील पुढच्या खोलीत राहते. त्या लिंगायत, विधवा, वय पन्नाशीच्या आसपास. माहेर अक्कलकोटकडचे, त्यामुळे घरची भाषा कानडी. माझ्याशी मात्र मराठी. त्या ज्वारीच्या कडक भाकरी करून विकतात. आमच्याच गावचे धोंडीराम येथे गिरणीत कामाला आहेत, तेही त्यांचे गिऱ्हाईक. त्यांनीच वडिलांना ही खोली सुचवली.

पहाटे चूल पेटते. पीठ मळणे, थापणे, तव्यावर टाकणे, पाणी फिरवणे, उलटणे, मग निखाऱ्यांसमोर उभी करून पापडासारखी कडक होऊ देणे. अशा साठ भाकरी. शेवटची भाकरी उतरेपर्यंत मावशी अन्नाचा घास घेत नाहीत. गळ्यातील लिंग तळहातावर घेऊन पूजा करतात, पण तीही पाठमोऱ्या बसून, दोन मिनिटांत. पोथी नाही, उपवास नाही, देऊळ नाही.

आज धीर करून विचारले, "मावशी, तुमची उपासना कोणती?"

"उपासना म्हंजे?"

"म्हणजे देवासाठी तुम्ही काय करता?"

त्यांनी काठवटीतल्या भाकरीवर हात फिरवता फिरवता सांगितले, "हेच की. हेच माझं काय की."

सोलापुरात 'काय की' म्हणजे 'कोण जाणे'. मी पुढे काही विचारले नाही. त्या विषयात त्यांना रस नाही, हे उघड होते.

२२ जुलै, सोमवार

श्रावणातला पहिला सोमवार. शेजारच्या अंबुबाई ताट घेऊन दारात उभ्या राहिल्या. तळ्यातल्या सिद्धेश्वराला निघाल्या होत्या.

"मल्लव्वा, येतीस का न्हाय?"

"तू जा की. माझं बी सांग तितं."

"माझ्या तोंडानं तुला पुण्य कसं लागंल गं?"

"तुला दुप्पट मिळालं तर मला उसनं दे."

"आन् देवानं इचारलं, मल्लव्वा कुटं हाय, तर?"

"सांग, तव्यावर भाकर हाय तिची. भूक लागत असंल त्याला, तर कळंल."

अंबुबाई कानांवर हात ठेवून हसत गेल्या. मी मात्र खोलीत येऊन विचार करीत बसले. भक्ती मनाला शिवलेलीच नाही असे एखादे माणूस असू शकते काय? आणि तसे असेल, तर माझ्या निबंधाला ज्या विरोधी उदाहरणाची उणीव होती ते भिंतीपलीकडेच थापीत बसलेले नाही काय?

निबंध आज सुरू केला.

२६ जुलै, शुक्रवार

पाच दिवस लेखन. सहा परिच्छेद झाले. काल दुपारी मावशी जेवायला बोलवायला आल्या. मी म्हटले, हे पान पुरे होऊ द्या. त्या दारातूनच कागदाकडे डोकावल्या. मग कौतुकाने म्हणाल्या, "लिवून झाल्याबिगर जेवत न्हाईस. बरं हाय. लई बरं हाय." जेवण थंड होत असताना यात बरे ते काय, हे मला कळले नाही.

२९ जुलै, सोमवार

निबंध पाठवला. सरांनी सहाव्या परिच्छेदाखाली पेन्सिलीने रेघ ओढून 'येथे माणूस आहे' असे लिहिले होते. तो परिच्छेद येथे उतरवून ठेवते, कारण असे वाक्य माझ्या हातून पुन्हा उतरेल याची खात्री नाही.

"माझ्या परिचयाची एक स्त्री आहे. ती आयुष्यभर भाकरी थापीत आली आहे. तिच्या हातांना गती आहे, पण त्या गतीला दिशा नाही. काम संपेपर्यंत ती जेवत नाही, कारण यंत्र मध्येच थांबत नसते. करपलेली भाकरी ती निर्विकारपणे बाजूला फेकते आणि पुढची थापू लागते. तुझी उपासना कोणती, असे विचारले असता ती 'काय की' एवढेच म्हणते. या दोन शब्दांत एका संपूर्ण अचेतन जीवनाचा सारांश आहे."

३० ऑगस्ट, शुक्रवार

पहिला क्रमांक.

न्यासाच्या चिटणिसांचे पत्र महाविद्यालयात आले. परीक्षकांनी 'भाकरी करणाऱ्या स्त्रीच्या हृदयस्पर्शी चित्रणाचा' विशेष उल्लेख केला आहे. निबंध पुस्तिकेत छापला जाईल. दोन ऑक्टोबरला आमच्याच महाविद्यालयाच्या सभागृहात मी तो वाचायचा आहे.

वडिलांना पत्र टाकले. तेही दोनदा लिहावे लागले.

मावशींना सांगितले तेव्हा त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्या गालांवरून बोटे फिरवून कडाकडा मोडली. अधिक महिन्याचे अनारसे घेऊन अंबुबाई आल्या होत्या. त्यांनी विचारले, "कशावर लिवलंस गं?" मी काही बोलण्याआधीच मावशी म्हणाल्या, "माझ्यावर बी लिवलंय म्हनं. व्हय न्हवं?"

भाकरीवर थोडे लिहिले आहे, असे मी एकदा बोलून गेले होते. मी "हो" म्हटले.

"मग मी येनार. पयल्या रांगेत बसनार."

"तुला कळंल का त्यातलं?" अंबुबाई म्हणाल्या.

"माझं नाव आलं की कळंल की."

संध्याकाळी त्यांनी पेटीतून इरकल लुगडे बाहेर काढले. डांबराच्या गोळ्यांचा वास जावा म्हणून दांडीवर टाकले आहे. दोन ऑक्टोबरला अजून महिना आहे.

५ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी तवा उतरवताना मावशींच्या हातातला फडका निसटला. उजवा तळहात चांगलाच भाजला. दवाखान्यात पट्टी बांधली. दहा दिवस पाणी लावायचे नाही, पिठात तर मुळीच हात घालायचा नाही. गिऱ्हाइके येऊन परत गेली. मावशी चुलीसमोर बसून होत्या. मी वरणभात केला. त्या म्हणाल्या, "भूक न्हाय."

७ सप्टेंबर, शनिवार

तिसरा दिवस. चहा आणि थोडे दूध, याखेरीज काही नाही. मी रागावून पाहिले. रागावणे मला जमत नाही, त्यामुळे त्या हसल्या. पण जेवल्या नाहीत.

८ सप्टेंबर, रविवार

हे नीट, क्रमाने लिहिले पाहिजे.

अंबुबाईंनी निरोप धाडला म्हणून मावशींचे धाकटे भाऊ ईरप्पा गावाहून आले. बहीणभाऊ बराच वेळ कानडीत बोलले. नंतर ते ओट्यावर येऊन बसले. मी त्यांना म्हटले, "मामा, तुम्ही तरी सांगा. तीन दिवस झाले, त्या जेवत नाहीत."

"कसं जेवंल?" ते म्हणाले. "कायक बुडालंय की तिचं."

प्रथम वाटले, मीच चुकीचे ऐकले. 'काय की' हे उत्तर आहे. त्याचा अर्थ कोण जाणे. कोण जाणे हे बुडेल कसे? बुडायला नाम लागते. व्याकरणात बसेना म्हणून मी पुन्हा विचारले, "काय बुडाले म्हणालात?"

"कायक, कायक. तुमच्यात न्हाय का ह्यो शबुद? कायक म्हंजे काम. पन नुसतं काम न्हाय. आपल्या वाट्याला आलेलं हाताचं काम देवाचं म्हनून करायचं. तीच पूजा आमच्यात. अक्काचं कायक भाकरी. ते झाल्याबिगर घास घ्यायचा न्हाय, असं आमच्या अव्वानं, आईनं, घालून दिलंय तिला. लगीन झालं तवापासनं पाळती."

"आणि त्या तसे बोलून दाखवतात?"

"इचारलं तर सांगती की. लपवायचं काय त्यात?"

खोलीत येऊन मी या वहीचे ११ जुलैचे पान उघडले. तेथे माझ्याच अक्षरात होते: हेच माझं काय की.

हेच माझं कायक. मी विचारले होते आणि त्यांनी स्पष्ट, सरळ, एका शब्दात सांगितले होते. मी केंद्रात पहिली आलेली, मराठीची विद्यार्थिनी. मला तो शब्द येत नव्हता, म्हणून त्यांना उत्तर येत नाही असे मी लिहून दिले.

९ सप्टेंबर, सोमवार

आज काही लिहवत नाही.

१० सप्टेंबर, मंगळवार

सकाळी काठवट ओढून मी चुलीसमोर बसले आणि म्हणाले, "मावशी, हात माझे. तुम्ही सांगा."

त्यांनी पिठाचा डबा डाव्या हाताने माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "पानी कडकडीत पायजे. घाल. एवढं न्हाय यव्वा, पीठ भिजवायचंय, पोहायचं न्हाय."

तीन तासांत नऊ भाकरी झाल्या. पहिल्या चार तव्यावर टाकतानाच तुटल्या. संध्याकाळी धोंडीराम आले. भाकरी उजेडाकडे धरून म्हणाले, "विजाताई, ही भाकर हाय का सोलापूर जिल्ह्याचा नकाशा? ह्यात आपलं माळशिरस कुटं हाय?"

"जितं करपलंय तितं," मावशी म्हणाल्या. "आन ती हिकडं. ही घे, ही बरी हाय."

नवव्या भाकरीनंतर त्या जेवल्या. धोंडीरामांकडून परत घेतलेली तीच भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. मला हायसे वाटले, आणि त्याच क्षणी त्या सहाव्या परिच्छेदाची आठवण झाली.

१२ सप्टेंबर, गुरुवार

सरांना भेटले. सारे सांगितले. त्यांनी चिटणिसांची नियमावली काढून दाखवली: निर्णयानंतर निबंधात एका अक्षराचाही बदल स्वीकारला जाणार नाही.

"परिच्छेद गाळून वाचला तर?"

"तुझ्या निबंधात तोच एक परिच्छेद जिवंत आहे, विजयमाला. पारितोषिक त्याला आहे."

"पण तो खोटा आहे, सर."

"श्रोत्यांपैकी कोणाला कळणार नाही."

"मावशी पहिल्या रांगेत बसणार आहेत."

सरांनी नियमावली मिटली. म्हणाले, "मग आधी त्यांना वाचून दाखव. मी काही सांगितले तर तो निर्णय माझा होईल."

१५ सप्टेंबर, रविवार

दुपारी वाचून दाखवले. पहिले पाच परिच्छेद त्यांनी डोळे मिटून ऐकले. त्यातले त्यांना काही कळले असे मला वाटत नाही. सहावा मी मान वर न करता वाचला. कठीण शब्द सोपे करून सांगितले. 'अचेतन' सांगताना फार वेळ लागला.

वाचून झाले. मावशी म्हणाल्या, "एक चुकलंय."

मला वाटले, आता त्या बोलतील.

"करपलेली मी फेकत न्हाय. बाजूला ठिवते. ती माझी असती. गिऱ्हाइकाला चांगली द्यायची, करपलेली आपन खायची. फेकली असं लिवलंस, तर लोक म्हनतील, मल्लव्वा अन्न टाकती."

"आणि बाकीचे, मावशी?"

"बाकीचं काय, तू शिकलेली. असंल."

मग मी माझी चूक सांगितली. 'काय की' आणि 'कायक'. दोन्ही शब्द कागदावर लिहून दाखवले, जणू त्यांना मराठी वाचता येते. त्यांनी तो कागद डाव्या हातात घेतला.

"म्हंजे मी सांगत हुते हे हाय माझं," त्या सावकाश म्हणाल्या, "आन तुला ऐकू येत हुतं की मल्लव्वाला काय म्हाईत न्हाय."

"हो."

"दोन वरसं एका घरात राहतो आपन."

त्या उठल्या. भाजलेला हात छातीशी धरून आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन परत आल्या. तो माझ्यापुढे ठेवला. आवाजात काही राग नव्हता. म्हणाल्या, "असू दे. बक्षीस सोडू नगंस. तुझा बाप पुन्यांदा हो म्हननार न्हाय. तू तितं जसं हाय तसं वाच. मी येत न्हाय त्या दिवशी. म्हंजे तुला अडचन न्हाय."

१६ सप्टेंबर, सोमवार

सकाळी उठले तेव्हा दांडी मोकळी होती. इरकल पेटीत गेले होते. अंबुबाईंनी कारण विचारले तर मावशी म्हणाल्या, "हात दुखतोय. गर्दीत कुटं जाऊ?"

१९ सप्टेंबर, गुरुवार

वडिलांचे पत्र आले. 'चि. विजयमाला हिस अनेक आशीर्वाद. दुकानावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो आहे. पुण्याची तयारी कर. आईने दोन नव्या चादरी काढून ठेवल्या आहेत.' माझ्या वडिलांनी मला आयुष्यात लिहिलेले हे सर्वांत लांब पत्र. मी ते पाच वेळा वाचले. गल्लीत गणपती बसला आहे, ध्वनिक्षेपकावर आरती चालू आहे, आणि मला एकही शब्द ऐकू येत नाही.

माझे मन किती क्षुद्र आहे ते येथे लिहून ठेवते. दोन दिवस मी पुढील युक्तिवाद करीत होते: मावशींनी स्वतःच परवानगी दिली आहे; निबंधात त्यांचे नाव नाही; पुस्तिका पुण्यात छापली जाणार; एम. ए. झाल्यावर मी कायक या विषयावर स्वतंत्र लेख लिहून परतफेड करीन. चारही मुद्दे तर्कशुद्ध आहेत. परीक्षेत यांना पूर्ण गुण मिळाले असते.

२१ सप्टेंबर, शनिवार

पट्टी निघाली. मावशींनी आज स्वतः दहा भाकरी केल्या. नवी कातडी पातळ आहे, त्यामुळे थापताना ओठ दाबून धरतात. मी पीठ मळून देते. तेवढे आता जमते.

मी म्हटले, "मावशी, मी ते पारितोषिक घेणार नाही. निबंध मागे घेते."

त्यांचा हात थांबला. "येडी का काय तू? मी येत न्हाय म्हटलं न्हवं? मग अडलं कुटं?"

"तुम्ही येत नाही, तेथेच अडले."

"मी काय रागावले न्हाय गं."

"ठाऊक आहे. तुम्ही रागावला असतात तर निबंध वाचलाही असता कदाचित."

"आन बापाला काय सांगशील?"

"खरे ते."

"त्याला पटंल?"

"नाही पटणार."

मावशींनी तव्यावरची भाकरी उलटली. मग कानडीत काहीतरी पुटपुटल्या. मी अर्थ विचारला. या वेळी अंदाज केला नाही. त्या म्हणाल्या, "काय न्हाय. म्हटलं, ही पोर लई हट्टी हाय. गरीब दिसती, पन हट्टी हाय."

२३ सप्टेंबर, सोमवार

चिटणिसांना लिहिलेल्या पत्राची नक्कल:

'आपण दिलेल्या सन्मानाबद्दल मी ऋणी आहे, आणि तो नाकारण्याचे धाडस करीत असल्याबद्दल क्षमा मागते. माझ्या निबंधाच्या सहाव्या परिच्छेदात एका स्त्रीविषयी विधाने आहेत. ती उपासना करीत नाही असे मी सूचित केले. ती रोज पहाटेपासून करते. ती करपलेली भाकरी फेकते असे मी लिहिले. ती तिला स्वतःच्या वाट्याची मानते. विचारले असता तिला उत्तर देता आले नाही असे मी लिहिले. तिने उत्तर दिले होते, ते मला समजले नाही. नियमानुसार निबंधात बदल करता येत नाही आणि आहे तसा तो मला वाचता येत नाही. तरी निबंध परत करावा, पुस्तिकेत छापू नये आणि पारितोषिक दुसऱ्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यास द्यावे. अध्यात्म म्हणजे काय याविषयी माझे मत मी सध्या देऊ शकत नाही. ज्यांना ते ठाऊक आहे त्यांच्याकडे मी पीठ मळण्यास बसते, एवढेच सांगू शकते.'

वडिलांना वेगळे पत्र लिहिले. त्यात एकच वाक्य अधिक आहे: 'यात मावशींचा काही दोष नाही, तेव्हा खोली बदलण्यास सांगू नये.'

दोन्ही पाकिटे घेऊन एकटीच गेले. टपाल कचेरीत रांग होती. खिडकीमागच्या गृहस्थांनी विचारले, "पोहोच पाहिजे का?" मी आधी नको म्हटले, मग पाहिजे म्हटले. त्यांनी शिक्का मारला.

दोन्ही पत्रे नोंदणी टपालाने रवाना: सोमवार, दिनांक २३ सप्टेंबर १९७४, दुपारी तीन वाजून वीस मिनिटे.